ओपीएनसेन्स बसवल्यावरचा पहिला तास: काय आधीच बंद असते आणि काय उघडे राहते

ओपीएनसेन्स (जाळ्यातली ये-जा गाळणारी फायरवॉल प्रणाली) नव्याने बसवले की बाहेरून आत यायची वाट पहिल्या मिनिटापासून बंद असते. वॅनवर, म्हणजे इंटरनेटच्या बाजूवर, परवानगीचा एकही नियम नसतो, आणि ज्या पॅकेटसाठी नियम सापडत नाही ते टाकून द्यायचे, हा या फायरवॉलचा पायाच आहे. त्यामुळे पहिल्या दिवसाचा धोका सहसा बाहेरून येत नाही, तो आत असतो. लॅनला, म्हणजे आतल्या जाळ्याला, कुठेही जायची पूर्ण मोकळीक, जगजाहीर पासवर्ड, आणि ‘अमुक चालत नाही’ म्हणून घाईघाईत केलेले पहिले दोन-तीन बदल. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. त्यांचा क्रम पाळा, कारण काही पायऱ्या मागेपुढे झाल्या तर आपणच आपल्याला बाहेर कोंडून घेतो.

ओपीएनसेन्स २०१५ साली पीएफसेन्स या जुन्या फायरवॉल प्रणालीपासून वेगळे झाले. दोन्ही फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर चालतात आणि दोन्हींत पॅकेट गाळण्याचे काम पीएफ हे साधन करते, म्हणून इथले बहुतेक सगळे पीएफसेन्सलाही लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे. मेनूतल्या जागा आवृत्तीगणिक थोड्या सरकतात, तेव्हा नेमकी पाटी दिसली नाही तर शेजारच्या पानावर शोधा.

वॅनची केबल अजून लावू नका

इन्स्टॉलेशन संपले की आधी फक्त लॅनच्या पोर्टला एक लॅपटॉप जोडा. स्विच नको, वॅनही नको. पासवर्ड बदलेपर्यंत या फायरवॉलच्या पेटीशी बोलणारे यंत्र एकच असावे.

लॅनचे पोर्ट कोणते, हे अंदाजाने ठरवू नका. ओपीएनसेन्स आपणहून वाटणी करते तेव्हा सहसा पहिले नेटवर्क कार्ड लॅन आणि दुसरे वॅन होते. पीएफसेन्समध्ये सहसा याच्या उलट. पेटीच्या मागे छापलेले आकडे कार्डांच्या क्रमाशी जुळतीलच असे नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे कन्सोल (पेटीला थेट जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) उघडा ठेवून एकेका पोर्टात केबल घालायची. ज्या कार्डाची लिंक वर आल्याची ओळ पडद्यावर उमटते, ते ते पोर्ट. मग कन्सोल मेनूतला पर्याय १ वापरून वाटणी पक्की करा. लॅन-वॅन उलटे बसले तर नुसते ‘इंटरनेट नाही’ एवढ्यावर भागत नाही. लॅनचा डीएचसीपी सर्व्हर बाहेरच्या जाळ्यात पत्ते वाटू लागतो, आणि कंट्रोल पॅनेल (ब्राउझरमधून सेटिंग करायचे पान) नको त्या बाजूला उघडे पडते.

व्हर्च्युअल मशीनवर एकच कार्ड देऊन पीएफसेन्स उभे करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. इंटरफेस एकटा वॅनच असेल, तर प्रशासकाला आत येऊ देणारा आपोआपचा नियम त्या वॅनवरच लागतो. म्हणजे मूळ पासवर्डासह पॅनेल थेट बाहेर.

आता पत्ता. लॅनचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१, मास्क २४ बिटांचा. कितीतरी मोडेम-राउटरही हाच पत्त्यांचा पट्टा वापरतात. वॅनला वरून १९२.१६८.१ चाच पत्ता मिळाला की दोन्ही बाजूंना एकच जाळे असल्यासारखे होते आणि कोणते पॅकेट कुठे पाठवायचे हे फायरवॉलला ठरवता येत नाही. वॅनला पत्ता तर मिळालेला दिसतो, पण बाहेर काहीच जात नाही, हे त्याचे लक्षण. कन्सोलच्या पर्याय २ मधून लॅनला वेगळा पट्टा द्या, उदाहरणार्थ १०.३७.२०.१/२४. कमी वापरातला पट्टा निवडलात तर पुढे व्हीपीएन जोडतानाही टक्कर टळते. पत्ता बदलताना डीएचसीपीची सुरुवात आणि शेवटही तिथेच विचारला जातो. तो जुन्या पट्ट्यातला राहू देऊ नका.

पासवर्ड, आणि रिकाम्या चौकटीची फसवणूक

ओपीएनसेन्समध्ये मूळ वापरकर्ता रूट आणि पासवर्ड ओपीएनसेन्स, तर पीएफसेन्समध्ये अ‍ॅडमिन आणि पीएफसेन्स. सगळी रोमन लहान अक्षरे. ही जोडी कुणालाही माहीत असते, त्यामुळे लॅनवरचे कोणतेही संसर्ग झालेले यंत्र ती पहिल्याच फटक्यात करून पाहील.

पहिल्या लॉगिननंतर विझार्ड सुरू होतो. त्यात रूट पासवर्डाची चौकट रिकामी सोडून पुढे गेलात तर जुनाच पासवर्ड कायम राहतो. विझार्ड कसलीही तक्रार न करता पूर्ण होतो आणि पासवर्ड बदलला असा समज होतो. खात्री करायला लॉगआउट करून जुना पासवर्ड मुद्दाम घालून पाहा. तो नाकारला गेला पाहिजे.

ब्राउझर प्रमाणपत्राबद्दल इशारा देतो. पॅनेल एचटीटीपीएसवर चालते, पण प्रमाणपत्र पेटीने स्वतःच बनवलेले असते. पहिल्या दिवशी थेट केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून इशारा ओलांडायला हरकत नाही. ओलांडायची सवय मात्र लागू देऊ नका, कारण मध्ये कुणी बसला तरी इशारा हाच दिसतो. ‘सिस्टीम’मधल्या ‘ट्रस्ट’ विभागात आपले प्रमाणपत्र-प्राधिकरण बनवा, त्याच्या सहीने पॅनेलसाठी सर्व्हर प्रमाणपत्र काढा आणि प्राधिकरणाचे प्रमाणपत्र फक्त प्रशासकाच्या यंत्रात बसवा. प्रमाणपत्राच्या पर्यायी नावांत यंत्राचे पूर्ण नाव आणि लॅनचा आयपी पत्ता दोन्ही घाला. एकच घातलेत तर दुसऱ्या पत्त्याने उघडताना इशारा पुन्हा येईल.

वॅनवरच्या दोन खुणा

वॅन इंटरफेसच्या पानावर दोन चौकटी आधीच खूण केलेल्या असतात, खासगी जाळी अडवा आणि बोगॉन जाळी अडवा. पहिली १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे पट्टे अडवते. ओपीएनसेन्समध्ये त्यात १००.६४.०.०/१० हा सेवादात्याच्या सामायिक नॅटचा (अनेक यंत्रांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवण्याचा) पट्टाही येतो. बोगॉन म्हणजे कुणालाच न दिलेले किंवा राखीव ठेवलेले पत्ते. ही यादी वेळोवेळी आपोआप ताजी होते.

मोडेम स्वतः नॅट करत असेल आणि वॅनला खासगी पत्ता मिळत असेल, तर ‘खासगी जाळी अडवा’ काढल्याशिवाय इंटरनेट चालत नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. आतून निघालेल्या जोडणीची उत्तरे स्टेट टेबलमधल्या (चालू जोडण्यांच्या यादीतल्या) नोंदीवर आत येतात. त्यांना वॅनच्या नियमांतून जावेच लागत नाही. खूण काढायची गरज पडते ती मोडेम आणि फायरवॉल यांच्या मधल्या जाळ्यातल्या एखाद्या यंत्राला आत यायचे असेल तेव्हाच. इंटरनेट चालत नसेल तर कारण दुसरीकडे शोधा, बहुधा वर सांगितलेल्या पत्त्यांच्या टकरीत.

वॅनचा पत्ता पिंगला उत्तर देत नाही, हेही मूळ सेटिंगच आहे, बिघाड नव्हे.

आयपीव्ही६ मिळत असेल तर आतल्या यंत्रांना थेट जागतिक पत्ते मिळतात. नॅटचा आडोसा तिथे नसतो, पण वॅनचा मूळ नकार आयपीव्ही६ लाही तसाच लागू असतो. फक्त ‘सुरक्षेसाठी’ म्हणून आयसीएमपीव्ही६ सरसकट अडवू नका. शेजारी यंत्र शोधणे आणि पॅकेटचा आकार ठरवणे ही कामे त्यावर चालतात. आवश्यक तेवढ्या आयसीएमपीव्ही६ ला परवानगी देणारे नियम प्रणाली स्वतः घालते. नियमांच्या पानावर सर्वात वर आपोआप बनलेल्या नियमांची मिटलेली ओळ असते, ती उघडून एकदा सगळे वाचून काढा. आपण न लिहिलेले नियम कोणते चालू आहेत, हे तिथेच कळते.

लॅन: एका ओळीत सगळी मोकळीक

लॅनवर दोन नियम तयार मिळतात, एक आयपीव्ही४ साठी आणि एक आयपीव्ही६ साठी. दोन्हींचा अर्थ एकच, लॅन नेटमधून कुठेही, कोणत्याही पोर्टवर जाऊ द्या. (इथून पुढे पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, केबलची जागा नव्हे.) घरात किंवा छोट्या कार्यालयात पहिल्याच दिवशी हे नियम पुसून परवानगीची यादी लिहायला बसणे मला शहाणपणाचे वाटत नाही. निम्मी यंत्रे बंद पडतात आणि वैतागून सगळे पुन्हा उघडले जाते. त्याऐवजी या मोकळ्या नियमांच्या वर मोजके नकार घाला. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागतो, म्हणून जागा वरचीच हवी.

बाहेर जाणारे टीसीपी पोर्ट २५ आधी अडवा. स्वतःचा मेल सर्व्हर नसेल तर कोणत्याही यंत्राला त्याची गरज नाही, मेल ॲप पत्र पाठवायला ५८७ किंवा ४६५ वापरते. संसर्ग झालेले यंत्र स्पॅम पाठवते ते मात्र २५ वरूनच. मग १३५, १३७ ते १३९ आणि ४४५. विंडोजची फाइल-वाटणी इंटरनेटवर जायचे काहीच कारण नाही. या नकारांवर लॉगची खूण ठेवा. तिथे ओळ उमटली तर ती वाचण्यालायक असते.

डीएनएसचे, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याचे, जरा सविस्तर सांगायला हवे. अनबाउंड हा रिझॉल्व्हर (ते शोधून देणारा सर्व्हर) पेटीतच चालू असतो, पण कोणतेही यंत्र त्याला वळसा घालून बाहेरच्या सर्व्हरला विचारू शकते. ते थांबवायला ‘नॅट’मधल्या पोर्ट फॉरवर्डमध्ये नोंद करा: इंटरफेस लॅन, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, गंतव्य लॅनचा पत्ता सोडून बाकी सगळे, पोर्ट ५३, वळवायचे १२७.०.०.१ च्या ५३ वर. ही नोंद फक्त आयपीव्ही४ पाहते, आयपीव्ही६ साठी वेगळी लागते. जाळ्यात आणखी एखादा डीएनएस सर्व्हर ठेवला असेल तर त्याचा पत्ता स्रोतातून वगळा. नाहीतर त्याचे प्रश्न फायरवॉलकडे, फायरवॉलचे त्याच्याकडे, अशी फेरी सुरू होते. टीएलएसवरचे डीएनएस ८५३ पोर्ट अडवून थांबते. एचटीटीपीएसवरचे डीएनएस मात्र पोर्टाने थांबत नाही, कारण ते ४४३ वरच्या बाकी वाहतुकीत मिसळून जाते.

अनबाउंड मूळ सेटिंगमध्ये सगळ्या इंटरफेसवर ऐकत असतो. वॅनवर नियम नाही म्हणूनच तो बाहेरून दिसत नाही. म्हणून वॅनवर ५३ पोर्ट कधीही उघडू नका. उघडले की तुमची पेटी दुसऱ्यांवरच्या हल्ल्यात वापरली जाणारा खुला रिझॉल्व्हर बनते.

पाहुण्यांचे जाळे: सर्वांत जास्त चुका इथे होतात

नवा इंटरफेस किंवा व्हीएलॅन (एकाच तारेवरचे वेगळे जाळे) जोडला की त्यावर एकही नियम नसतो, म्हणजे त्यातून कुणालाच कुठेही जाता येत नाही. डीएचसीपीसाठीचे नियम मात्र प्रणाली आपोआप घालते. त्यामुळे फोनला पत्ता मिळतो, वाय-फायची खूण दिसते आणि पान उघडत नाही. इथे लोक लॅनचा मोकळा नियम जसाच्या तसा उतरवतात, आणि पाहुण्यांना इंटरनेटबरोबर लॅनही मिळून जाते.

दुसरी चूक थोडी सुधारलेली असते. ‘लॅन नेट सोडून कुठेही’ अशी परवानगी. दिसायला ठीक, पण फायरवॉलचा पाहुण्यांच्या जाळ्यातला स्वतःचा पत्ता लॅन नेटमध्ये मोडत नाही. वॅनचा पत्ताही मोडत नाही. त्या दोन्ही पत्त्यांवर पॅनेलचे लॉगिन पान पाहुण्याच्या फोनवर छान उघडते.

तिसरी चूक आयपीव्ही६ ची. नकार फक्त आयपीव्ही४ साठी लिहिलेला आणि परवानगी दोन्हींसाठी. किंवा खासगी पट्ट्यांचे अलियास (पत्त्यांच्या गटाला दिलेले नाव) बनवून तेच अडवलेले, ज्यात आयपीव्ही६ चा एकही पत्ता नाही. मग पाहुण्याला लॅनमधले यंत्र आयपीव्ही६ ने सरळ गाठता येते.

पाहुण्यांच्या इंटरफेसवर नियम या क्रमाने लिहा. पहिला, पाहुणे नेटमधून त्या इंटरफेसच्या पत्त्यावर पोर्ट ५३, टीसीपी आणि यूडीपी, परवानगी. दुसरा, पाहुणे नेटमधून ‘धिस फायरवॉल’ या तयार अलियासकडे काहीही, नकार. या अलियासमध्ये पेटीचे सगळे पत्ते येतात, वॅनसुद्धा. तिसरा, पाहुणे नेटमधून लॅन नेट आणि बाकीची आतली जाळी, आयपीव्ही४ व आयपीव्ही६ दोन्ही, नकार. इंटरफेसच्या नावाचे नेट निवडले की दोन्ही प्रकारचे पत्ते त्यात येतात. चौथा, पाहुणे नेटमधून कुठेही, परवानगी. पहिला आणि दुसरा यांची अदलाबदल झाली तर डीएनएस मरते आणि ‘नेट आहे पण चालत नाही’ अशी तक्रार येते.

आतल्या जाळ्यात नकारासाठी ‘ब्लॉक’ऐवजी ‘रिजेक्ट’ वापरलात तर यंत्राला लगेच नाही म्हणून कळते आणि ॲप वेळ संपेपर्यंत लटकत नाही. वॅनवर मात्र ब्लॉकच ठेवा.

अँटी-लॉकआउट नियम काढण्याआधी

लॅनमधल्या कोणत्याही यंत्राला पॅनेलपर्यंत पोहोचू देणारा हा आपोआपचा नियम ८०, ४४३ आणि एसएसएच (दूरून आज्ञा देण्याची जोडणी) चालू असेल तर २२ ही पोर्टे उघडी ठेवतो. तो सगळ्या नियमांच्या वर असतो, त्यामुळे लॅनवर तुम्ही लिहिलेला कोणताही नकार त्याला लागत नाही. पॅनेल एका ठरावीक यंत्रापुरतेच हवे असेल तर आधी त्या यंत्राला कायमचा पत्ता द्या, अलियास बनवा, त्या अलियासकडून लॅनच्या पत्त्यावर ४४३ ची परवानगी लिहा आणि तिच्याखाली बाकीच्यांना नकार. नकार फक्त पॅनेल आणि एसएसएचच्या पोर्टांपुरता ठेवा, नाहीतर लॅनचे डीएनएसही त्याखाली जाईल. मग फायरवॉल सेटिंगच्या प्रगत पानावर जाऊन अँटी-लॉकआउट बंद करा. पीएफसेन्समध्ये ही खूण ‘सिस्टीम’च्या प्रगत विभागात प्रशासक-प्रवेशाच्या पानावर आहे.

पॅनेल कोणत्या इंटरफेसवर ऐकावे याचीही सेटिंग आहे, आणि ती घट्ट करायचा मोह होतो. नियमांनी अडवणे त्यापेक्षा बरे. निवडलेला इंटरफेस काही कारणाने वर आला नाही तर पॅनेल कुठूनच उघडत नाही.

अडकलात तर कन्सोल मेनूतला पर्याय १३ आधीचा बॅकअप परत आणतो. पीएफसेन्समध्ये तो पर्याय १५ आहे. पीएफ पूर्ण बंद करणारी आज्ञा पुष्कळ ठिकाणी सुचवली जाते. ती दिली की गाळणी आणि नॅट दोन्ही जातात आणि पेटी उघडा राउटर होते. ती द्यावीच लागली तर आधी वॅनची केबल काढा.

दूरचा प्रवेश आणि दुसरी किल्ली

एसएसएच मूळात बंद असते. ओपीएनसेन्समध्ये ते सुरू केल्यावरही रूटचे लॉगिन आणि पासवर्डने लॉगिन या दोन खुणा रिकाम्या असतात. तशाच ठेवा. नवा वापरकर्ता बनवा, ‘अ‍ॅडमिन्स’ गटात घाला, त्याची सार्वजनिक किल्ली नोंदवा आणि लॉगिन शेल (आज्ञा घेणारा कार्यक्रम) निवडा. शेल निवडायचे राहिले तर किल्ली बरोबर असूनही जोडणी लगेच तुटते, आणि दोष किल्लीत शोधण्यात वेळ जातो.

कन्सोल मेनूला ओपीएनसेन्समध्ये पासवर्ड असतो, पीएफसेन्समध्ये मुळात नसतो. पेटी उघड्या जागी असेल तर तो चालू करा, कारण त्या मेनूतून पासवर्ड बदलता येतो.

एकवेळच्या आकड्यांची दुसरी किल्ली ओपीएनसेन्समध्ये वेगळे काही न बसवता मिळते. ‘सिस्टीम’, ‘अ‍ॅक्सेस’, ‘सर्व्हर्स’मध्ये स्थानिक अधिक वेळेवर आधारित असा प्रकार जोडा, वापरकर्त्याच्या पानावर बीज (आकडे ज्यावरून बनतात तो गुप्त मजकूर) बनवा, फोनमध्ये घ्या. मग तिथल्या ‘टेस्टर’मध्ये तपासा, आणि तपासणी पास झाल्यावरच प्रशासनाच्या पानावर हा सर्व्हर निवडा. लॉगिन करताना पासवर्डाच्या चौकटीत आधी सहा आकडे आणि त्यांना लागून पासवर्ड, मध्ये जागा न सोडता. पेटीचे घड्याळ चुकले तर आकडे जुळत नाहीत, म्हणून वेळ-सर्व्हर चालतो का ते आधी पाहा.

यूपीएनपी ओपीएनसेन्समध्ये वेगळे प्लगइन आहे, पीएफसेन्समध्ये बंद असते. ते तसेच राहू द्या. ते चालू झाले की आतले कोणतेही यंत्र न विचारता वॅनवर दार उघडू शकते.

अपडेट आणि बॅकअप

वॅन जोडल्यावर पहिले काम अपडेट. डाउनलोड केलेली इमेज महिन्यांपूर्वीची असू शकते. ‘फर्मवेअर’ पानावरून अपडेट करा आणि मग तिथलाच सुरक्षा-तपास चालवा. बसवलेल्या पॅकेजांतल्या माहीत असलेल्या त्रुटी तो नावानिशी दाखवतो.

मग सेटिंगची फाइल उतरवून घ्या, एन्क्रिप्शनची खूण करून. या एका फाइलमध्ये पासवर्डांचे हॅश, व्हीपीएनच्या खासगी किल्ल्या आणि प्रमाणपत्रे असतात. मदत मागताना ती कुणालाही पाठवू नका, लागतील तेवढेच नियम दाखवा.

तपासणी बाहेरूनच

लॅनमधून स्वतःच्या वॅन पत्त्यावर एनमॅप (उघडी पोर्टे शोधणारे साधन) चालवला तर ४४३ उघडे दिसते आणि धस्स होते. ती तपासणीच चुकीची आहे, कारण ते पॅकेट लॅनच्या इंटरफेसवर आत येते आणि तिथल्या मोकळ्या नियमाने पास होते. लॅपटॉप मोबाइल डेटावर जोडा आणि तिथून सगळी ६५,५३५ टीसीपी पोर्टे तपासा, आधी पिंग न करण्याचा पर्याय लावून. पिंगला उत्तर नाही म्हटल्यावर एनमॅप एरवी यंत्र बंदच समजतो. सगळीकडे ‘फिल्टर्ड’ यायला हवे. ‘क्लोज्ड’ आले तर कुणीतरी उत्तर दिले आहे, एकतर वॅनवर रिजेक्ट लावला आहे किंवा वरचा मोडेम बोलतो आहे. त्यासाठी डॅशबोर्डवरचा वॅन पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता ताडून पाहा. ते वेगळे असतील तर तुम्ही मोडेमची परीक्षा घेत होता. आयपीव्ही६ असेल तर लॅनमधल्या एखाद्या यंत्राच्या जागतिक पत्त्यावर हीच तपासणी पुन्हा करा.

लॉगच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये मूळ नकाराच्या लाल ओळी धो धो वाहताना दिसतील. वॅनवरची बरीचशी ती इंटरनेटची नेहमीची कुजबुज असते. लॅनकडून आलेल्या टीसीपी ओळींत एफए किंवा आरए असे झेंडे (जोडणी मिटवण्याच्या खुणा) दिसले तर ती सहसा आधीच मिटलेल्या जोडणीची उशिरा आलेली पॅकेटे असतात. ती थांबवायला परवानगीचा नियम लिहू नका.

नकार लिहूनही वाहतूक चालूच राहिली तर नियमाला दोष देण्याआधी स्टेट टेबल पाहा. आधीच्या नियमावर उघडलेली जोडणी तिची नोंद असेपर्यंत चालते. डायग्नॉस्टिक्समधल्या स्टेट्सच्या पानावरून त्या यंत्राच्या नोंदी काढा किंवा सगळे टेबल रिकामे करा. टेबल रिकामे केलेत तर तुमचे पॅनेलही क्षणभर अडकेल. पान पुन्हा उघडा आणि तपासणी परत चालवा.